आकड्यांमागचे शास्त्र : संख्याशास्त्राची पदवी आणि जालना जिल्ह्यातील विद्यार्थी

खरिपाची पिके कापणीला आली, की जालना जिल्ह्यातील प्रत्येक महसूल मंडळात काही निवडक शेतांमध्ये पीक कापणी प्रयोग सुरू होतात. ही शेते कोणाच्या मर्जीने ठरत नाहीत. आधी गावे, मग त्या गावांतील गट क्रमांक आणि शेवटी शेतातील नेमकी जागा, हे सारे यादृच्छिक अंकांच्या आधारे ठरते. शेताच्या ठराविक कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने किती पावले व रुंदीच्या बाजूने किती पावले चालायचे, हेही अंकच सांगतात. तेथे खुंटी रोवून, दोरी ताणून नेमून दिलेल्या मापाचा तुकडा आखला जातो. त्यातील पीक कापून, मळून त्याचे वजन घेतले जाते. कपाशीच्या बाबतीत हे काम एका दिवसात संपत नाही, कारण प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यावर जाऊन वजन नोंदवावे लागते. महसूल, ग्रामविकास आणि कृषी या तिन्ही विभागांचे गावपातळीवरील कर्मचारी हे प्रयोग वाटून घेतात. त्या वेळी सरपंच व गावातील शेतकऱ्यांनी उपस्थित राहावे अशी अपेक्षा असते.

या तुकड्यांवर काय अवलंबून असते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पीक विम्याच्या क्षेत्राधारित पद्धतीत प्रत्येक शेतकऱ्याचे उत्पन्न वेगळे मोजले जात नाही. मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते व ते मागील वर्षांवरून निश्चित केलेल्या उंबरठा उत्पादनाशी ताडले जाते. त्यात जेवढ्या प्रमाणात तूट, तेवढ्या प्रमाणात विमा रकमेची भरपाई. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि प्रत्यक्षात ७ क्विंटलच पिकले. तूट ३० टक्के. हेक्टरी विमा रक्कम ५०,००० रुपये धरली, तर भरपाई १५,००० रुपये होते. आता प्रयोगाच्या जागा निवडताना कोणी आखलेली जागा सोडून बांधालगतच्या बऱ्या पिकात दोरी ताणली आणि सरासरी ९ क्विंटल आली, तर तीच भरपाई ५,००० रुपयांवर येते. फरक हेक्टरी १०,००० रुपयांचा, आणि तो एका शेतकऱ्यापुरता राहत नाही. मंडळातील प्रत्येक विमाधारकाला तो सोसावा लागतो. उलट दिशेची चूक झाली, तर तेवढाच भार शासनाच्या तिजोरीवर किंवा विमा कंपनीवर पडतो.

ही चूक का होते, किती होऊ शकते आणि ती टाळण्यासाठी किती प्रयोग, किती मोठ्या तुकड्यावर घ्यावेत, या प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र. विद्यापीठे त्याला संख्याशास्त्र म्हणतात, शासकीय कार्यालये सांख्यिकी म्हणतात. नावे दोन असली तरी विषय एकच, हे प्रवेश अर्ज व नोकरीच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

मराठी माणसांनी घडविलेली पद्धत

आज सर्वमान्य झालेल्या या पीक कापणी पद्धतीच्या जडणघडणीत तीन मराठी नावे अग्रभागी आहेत. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि १९३६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. १९४० मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेत आले. त्या काळी पिकाचा अंदाज मुख्यतः नजरेने केला जात असे. रुपयात इतके आणे पीक, अशी ती आणेवारी. बघणाऱ्याची नजर सरावलेली असली तरी तिची चूक किती, हे सांगण्याचे साधन नव्हते.

सुखात्मे यांनी मोठ्या प्रमाणावर नमुना पाहण्या उभारल्या आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. प्रयोगाचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पादनाचा अंदाज हटकून जास्त येतो. याचे कारण कोणाही सरपंचाला पटेल असे आहे. दोरीवर उभे असलेले झाड आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली म्हणजे कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. एक मीटर बाजूच्या चौरसात एका चौरस मीटरला चार मीटर सीमा येते. दहा मीटर बाजूच्या चौरसात शंभर चौरस मीटरला चाळीस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला केवळ ४० सेंटिमीटर. सीमा दहापट कमी, म्हणून सीमेवरची चूकही त्या मानाने कमी. या प्रश्नावर प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा मतभेद होता. महालनोबिस हे लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते. चांगले प्रशिक्षित लोक असतील तर लहान तुकडे स्वस्त पडतात, असा त्यांचा आग्रह. सुखात्मे यांचा भर, हे काम गावच्या नेहमीच्या यंत्रणेकडून करून घ्यायचे आहे, यावर होता. गावपातळीच्या कर्मचाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा विचार होता, आणि शासकीय पाहण्यांत तोच रुजला.

कापसावर असेच काम विनायक गोविंद पानसे यांनी केले. इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत कापसाच्या पैदाशीचा अभ्यास करताना ते संख्याशास्त्राकडे वळले. पानसे व सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींचे इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि देशातील कृषी पदवीधरांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे पुढे १९५१ पासून रोम येथील अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तिसरे नाव विनायक महादेव दांडेकर यांचे. पुण्याच्या गोखले संस्थेतील या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये पीक विमा शेतकरीनिहाय न देता क्षेत्रनिहाय द्यावा, असा विचार मांडला. १९८५ मध्ये सुरू झालेली सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, दोन्ही या क्षेत्राधारित कल्पनेवर उभ्या आहेत. दांडेकरांची कल्पना चालते ती सुखात्मे यांच्या मापावर. माप ढिले पडले, तर कल्पना कितीही चांगली असली तरी कोलमडते.

पदवीला काय शिकावे लागते

दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकी आणि संभाव्यता ही दोन प्रकरणे आहेत. मध्य, मध्यक, बहुलक काढण्याची रीत विद्यार्थी तेथे शिकतो आणि बहुतेक जण परीक्षेनंतर ती विसरतात. पदवीचा अभ्यास तेथूनच सुरू होतो. फक्त प्रश्न बदलतो. सरासरी कशी काढायची, हे दहावीत कळते. ती सरासरी किती विश्वासाची, हे पदवीला कळते.

पहिल्या वर्षी माहितीचे संकलन व वर्णन, संभाव्यतेचे नियम आणि सहसंबंध येतात. पुढे संभाव्यता वितरणे, नमुना निवडीच्या पद्धती, अनुमान, परिकल्पनांच्या चाचण्या, प्रयोगांची आखणी, कालश्रेणी, निर्देशांक, लोकसंख्याशास्त्र आणि गुणवत्ता नियंत्रण असा विस्तार होतो. त्याला कलनशास्त्र व सारणी बीजगणिताची बैठक लागते. ही बैठक कच्ची राहिली, तर दुसऱ्या वर्षी सूत्रे केवळ पाठ होतात, आणि पाठांतरावर हा विषय तरत नाही. आता बहुतेक गणिते संगणकावर केली जातात. त्यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेली ‘आर’ ही संगणक भाषा विनामूल्य मिळते आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तीच वापरतात. घनसावंगीच्या विद्यार्थ्याच्या संगणकावरची ‘आर’ आणि परदेशी विद्यापीठातली ‘आर’ यांत फरक नाही. इतक्या थोड्या साधनांत शिकता येणारे विज्ञान विषय फारसे नाहीत. प्रयोगशाळेच्या अभावी मागे पडणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांनी हे ध्यानात घ्यावे.

खरी अडचण प्रवेशाच्या आधीच उभी राहते. विज्ञान शाखेतून संख्याशास्त्र घ्यायचे, तर बारावीला गणित हवे. अकरावीत प्रवेश घेताना अनेक विद्यार्थी वैद्यकीय शाखेच्या आशेने गणित सोडतात आणि केवळ जीवशास्त्राचा गट घेतात. दोन वर्षांनी ती आशा मावळली, की मागे वळण्याची वाट बंद झालेली असते. हा निर्णय जून-जुलैच्या धावपळीत, बहुधा वडीलधाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्याने होतो. अकरावीला गणित व जीवशास्त्र दोन्ही घेता येतात, ही साधी गोष्ट मुख्याध्यापकांनी दहावीच्या पालकसभेत सांगितली, तर काही मुलामुलींचे पुढचे मार्ग मोकळे राहतील. आणखी एक सूचना : पदवीला संख्याशास्त्र हा विषय प्रत्येक महाविद्यालयात नसतो. प्रवेशापूर्वी चौकशी करणे आवश्यक. पदव्युत्तर शिक्षणाची सोय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील संख्याशास्त्र विभागात आहे. गणितात विशेष गती असलेल्या विद्यार्थ्यांनी १९३१ मध्ये महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. ती अवघड आहे, पण तिला घराणे किंवा गाव विचारले जात नाही.

शासनातील वाटा

संख्याशास्त्राच्या पदवीधराला सर्वांत जवळची जागा पंचायत समितीत आहे. विस्तार अधिकारी (सांख्यिकी) हे जिल्हा परिषदेच्या आस्थापनेवरील पद. जिल्हा स्तरावर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सांख्यिकी कार्यालय असते. तेथून दरवर्षी जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध होते. संचालनालयात अन्वेषक, सांख्यिकी सहायक, सहायक संशोधन अधिकारी, संशोधन अधिकारी अशी पदांची चढती पायरी आहे. विधिमंडळात अर्थसंकल्पाच्या वेळी मांडली जाणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी हेच संचालनालय तयार करते. आरोग्य विभागातही सांख्यिकी अन्वेषकांची पदे आहेत.

केंद्र शासनात दोन प्रमुख मार्ग आहेत. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी निवडले जातात. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असणे किंवा बारावीला गणितात ६० टक्के गुण असणे, ही तेथील पात्रता. राष्ट्रीय नमुना पाहणीसाठी घरोघरी जाऊन कुटुंबाचा खर्च, रोजगार व आरोग्याची माहिती गोळा करण्याचे काम ज्या क्षेत्रीय यंत्रणेकडे आहे, तिचा हा कणा होय. दुसरा मार्ग १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांख्यिकी सेवेचा. संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा घेतो. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे २१ ते ३० वर्षे, आणि पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी बसता येते. लेखी परीक्षेत सामान्य इंग्रजी, सामान्य अध्ययन आणि संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिका मिळून १,००० गुण व मुलाखतीला २०० गुण. उत्तरे इंग्रजीतच द्यावी लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने ही तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी. शेवटच्या वर्षी ती होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागातील अधिकारी पदासाठी मात्र पदव्युत्तर पदवी लागते. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही १९५६ पासून कार्यरत असून, लोकसंख्याशास्त्राकडे वळू इच्छिणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

या पदांकडे पाहण्याची कार्यालयांची दृष्टी मात्र अजून पुरती बदललेली नाही. सांख्यिकीचा माणूस म्हणजे तक्ते भरून वर पाठविणारा, हा समज रूढ आहे. मासिक अहवालात ‘निरंक’ असे लिहिण्याची पद्धत पाहावी. एखाद्या रकान्यात निरंक लिहिले, म्हणजे घटना घडली नाही की माहिती गोळा झाली नाही? शून्य आणि अज्ञात या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या गावात कुपोषित बालक नाही, आणि त्या गावात बालकांची वजनेच घेतली नाहीत, या दोहोंसाठी एकच शब्द वापरला, तर जिल्ह्याची बेरीज कागदावर बरोबर येईल आणि प्रत्यक्षात खोटी ठरेल. हा भेद पहिल्या नजरेत ओळखणारा एक माणूस प्रत्येक तालुक्याला असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही. १ मार्च २०२७ हा पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक ठरविण्यात आला आहे आणि ती मोबाइलवर नोंदली जाणारी देशातील पहिली जनगणना आहे. प्रगणक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांना शून्य व अज्ञात यांतील फरक तेथे रोज भेटेल.

उद्योगांतील वाटा

जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी येथे १९६४ मध्ये बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नवे वाण जुन्यापेक्षा सरस आहे, असे म्हणण्यासाठी दोन्ही वाण शेजारीशेजारी लावून चालत नाही. जमिनीचा एक कोपरा सकस, दुसरा हलका. उत्पादनातील फरक वाणाचा की मातीचा, हे कसे कळणार? म्हणून शेताचे गट पाडून, प्रत्येक गटात सर्व वाण यादृच्छिक क्रमाने लावून, त्यांची पुनरावृत्ती केली जाते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीकेंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही आखणी घडविली. जेथे वाण तयार होते, तेथे या आखणीचा जाणकार लागतो.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत तयार होणाऱ्या प्रत्येक सळईची ताणचाचणी घेता येत नाही, कारण चाचणीत सळई तुटते. नमुना घेऊनच घाणीचा निर्णय करावा लागतो, आणि गुणवत्ता नियंत्रणाचे आलेख याच कामासाठी आहेत. पुणे-मुंबईकडे औषध कंपन्यांच्या चाचण्या, बँका आणि विमा कंपन्यांत संख्याशास्त्रज्ञांना मागणी असते. विमागणितज्ञ होण्यासाठी भारतीय ॲक्च्युअरी संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात; वाट लांब व खर्चाची आहे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पिकाचा अंदाज करण्याचे काम आता वाढते आहे, तथापि त्या अंदाजाची पारख अखेर शेतातील वजनावरूनच करावी लागते. केवळ बी.एस्सी.वर यांतील फार थोड्या जागा मिळतात, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पदव्युत्तर पदवी आणि संगणकावरील हातोटी यांची जोड लागते.

शाळेत करता येईल असा एक प्रयोग

बियाणे प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासताना प्रत्येकी १०० दाण्यांचे चार संच, म्हणजे ४०० दाणे घेतात. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. समजा, एखाद्या पोत्यातील बियाण्याची खरी उगवण बरोबर ७० टक्के आहे. १०० दाणे तपासले, तर केवळ योगायोगाने निष्कर्ष सुमारे ६१ ते ७९ यांमध्ये कोठेही येऊ शकतो. ४०० दाणे घेतले, तर हीच कक्षा साधारण ६५ ते ७५ एवढी आक्रसते. दाणे चौपट केले, तेव्हा अनिश्चितता निम्मी झाली. चौपट श्रमाला निम्मा लाभ, हा संख्याशास्त्रातील वर्गमुळाचा नियम.

पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडून घरचे बियाणे तपासावे, असे कृषी विभाग सांगत असतो. हाच प्रयोग मे महिन्यात नववी-दहावीच्या इच्छुक मुलांकडून करून घेता येईल. एकाच पोत्यातील दाणे चांगले मिसळून प्रत्येकाने १०० घ्यावेत, निवडून घेऊ नयेत. गोणपाट ओलसर ठेवून गुंडाळून सावलीत ठेवावे. सात-आठ दिवसांनी उगवलेले दाणे मोजून प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहावा. बियाणे एकच असूनही आकडे सारखे येणार नाहीत. कोणाचे ६४ येतील, कोणाचे ७५. कोणाचे चुकले, असे मुले विचारतील. त्या वेळी शिक्षकांनी उत्तर देण्याची घाई करू नये; आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला कोणता, हे मुलांनाच शोधू द्यावे. मध्यकाचे प्रकरण तेथून सुरू करता येते.